न परतलेला आवाज

२०१७ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. शेजारच्या अकोला-अमरावती पट्ट्यातही फवारणीच्या विषबाधेने माणसे आजारी पडली. त्या वर्षी पऱ्हाटी अनेक ठिकाणी माणसाच्या छातीच्या वर गेली होती. पाठीवर पंप घेऊन तासात शिरलेल्या माणसाच्या नाकातोंडात तेच तुषार जात होते. फवारणी आणि डवरणी माणसाविना करणारे, दोन ओळींमधून आपले आपण चालणारे छोटे यंत्र वऱ्हाडात हवे, हे म्हणायला मला हे एवढे कारण पुरेसे वाटते. पण असे यंत्र वावरात सोडायचे तर पहिला प्रश्न येतो तो समोरच्या अडथळ्याचा. तासात दगड असेल, धुऱ्याजवळ बाभळीचे खोड असेल, सुटलेले वासरू असेल, वाकून काम करणारी बाई असेल. हे सगळे यंत्राला कळावे कसे? शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळणारा, श्राव्यातीत ध्वनीवर चालणारा सेन्सर हे याचे सर्वांत स्वस्त उत्तर आहे, आणि अभियांत्रिकीच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या हाताखालून तो गेलेला असतो. हा सेन्सर वऱ्हाडच्या वावरात खरोखर उपयोगी पडू शकतो असे माझे म्हणणे आहे. अट एकच. त्याचा आवाज परत आला नाही, तर ‘वाट मोकळी’ असा अर्थ काढण्याची सवय आपण मुळापासून सोडली पाहिजे.

हे म्हणणे पटवायचे तर आधी सेन्सरच्या आत काय चालते ते पाहावे लागेल. एचसी-एसआर०४ या नावाने मिळणाऱ्या छोट्या पाटीवर ॲल्युमिनियमच्या दोन डब्या असतात. एक बोलते, दुसरी ऐकते. डबीच्या आत पिझो सिरॅमिकची पातळ चकती असते. तिला विजेचा दाब दिला की ती वाकते, आणि तिला वाकवले की ती विजेचा दाब देते. नियंत्रकाने दहा मायक्रोसेकंदांचा इशारा दिला की बोलणारी डबी ४० किलोहर्ट्झचे आठ ठोके हवेत सोडते. माणसाचा कान जेमतेम २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणून आपल्याला ते ऐकू येत नाहीत. ऐकणाऱ्या डबीत परत येणारा संकेत इतका क्षीण असतो की त्याला वाढवायला आणि नको ती कंपने गाळायला एलएम३२४ सारखी वर्धकाची चिप लागते. ठरावीक पातळीच्या वर संकेत चढला की पाटी म्हणते, आला. ठोके सोडल्यापासून हा ‘आला’ येईपर्यंतचा काळ ती एका पिनवर विजेच्या स्पंदाच्या लांबीने सांगते. तिचे काम इथे संपते. सेन्सर अंतर मोजत नाही, काळ मोजतो. अंतर आपण काढतो, आणि ते काढताना हवेबद्दल, आवाजाच्या दिशेबद्दल आणि समोरच्या वस्तूबद्दल तीन गोष्टी गृहीत धरतो. या तिन्ही गोष्टी वऱ्हाडच्या वावरात टेबलावर असतात तशा राहत नाहीत.

पहिली गोष्ट हवेची. या सेन्सरसाठी लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅममध्ये मिळालेल्या मायक्रोसेकंदांना ५८ ने भागून सेंटिमीटर काढलेले असतात. आवाज जाऊन परत येतो, म्हणून एका सेंटिमीटरमागे दोन सेंटिमीटरचा प्रवास. तो ५८ मायक्रोसेकंदांत व्हायचा तर आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर असावा लागतो, आणि हवेत हा वेग असतो साधारण २२ अंश सेल्सिअसला. म्हणजे ५८ हा आकडा लिहिणाऱ्याने नकळत एका थंड खोलीचे तापमान आपल्या यंत्रात कायमचे बसवलेले असते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा आवाज सेकंदाला ३५७ मीटरहून किंचित अधिक वेगाने धावतो आणि दोन मीटरवरचा दगड सेन्सरला १९३ सेंटिमीटरवर दिसतो. उलट, हिवाळ्यात पहाटे पारा १० अंशांवर आला की वेग ३३७ वर उतरतो आणि तोच दगड २०४ सेंटिमीटरच्या पलीकडे दिसतो. आता यातली गंमत पाहा. वऱ्हाड म्हटले की सगळ्यांना उन्हाची काळजी वाटते, पण उन्हातली चूक निरुपद्रवी दिशेची आहे. अडथळा आहे त्यापेक्षा जवळ भासतो, यंत्र लवकर थांबते. थंडीतली चूक लहान असली तरी धोक्याच्या दिशेची आहे. आणि कोणी उत्साहाने मे महिन्यात, भर दुपारी यंत्र तपासून भागाकाराचा आकडा ५८ चा ५६ केला, तर तेच यंत्र डिसेंबरच्या सकाळी दोन मीटरवरच्या माणसाला २१२ सेंटिमीटरवर दाखवील. वेचणीचे दिवस नेमके तेच असतात. उपाय अवघड नाही. काही रुपयांचा तापमापक जोडावा आणि वेग दर वेळी नव्याने काढावा. मात्र तो यंत्राच्या पत्र्याला चिकटवू नये. उन्हात तापलेला पत्रा हवेपेक्षा कितीतरी गरम असतो, आणि आवाज पत्र्यातून जात नसून हवेतून जातो. तापमापक सावलीत, वारा लागेल असा टांगावा.

दुसरी गोष्ट दिशेची. डबीतून निघालेला आवाज सरळ रेषेत जात नाही. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण १५ अंश पसरत जातो. कपाशीच्या दोन ओळींत ९० सेंटिमीटर अंतर असेल आणि यंत्र बरोबर मधून चालत असेल, तर दोन्ही बाजूंना ४५ सेंटिमीटर मोकळे. हिशेब केला तर आवाजाचा शंकू सुमारे १ मीटर ६८ सेंटिमीटरवर दोन्ही ओळींना टेकतो. त्यापुढे जो प्रतिध्वनी येईल तो समोरच्या दगडाचा की बाजूच्या झाडाचा, हे सांगता येत नाही. माहितीपत्रकात चार मीटरचा पल्ला लिहिलेला असतो. ओळीत तो पावणेदोन मीटरचाही राहत नाही. हा आकडाही जुलैतला, रोपे लहान असतानाचा. सप्टेंबरात फांद्या दोन्हीकडून तासात उतरतात, मधली मोकळी वाट ४० सेंटिमीटरवर येते आणि शंकू पाऊण मीटरवरच पानांना लागतो. सघन लागवडीत, म्हणजे ओळींतले अंतर ९० आणि झाडांतले १५ सेंटिमीटर ठेवून जिचे प्रयोग अकोला जिल्ह्यात झाले त्या पद्धतीत, झाड आटोपशीर ठेवले जाते. त्यामुळे वाट थोडी अधिक काळ मोकळी राहते, पण ओळ भिंतीसारखी सलग होते आणि बाजूचा प्रतिध्वनी अधिक ठळक येतो. सांगायचे एवढेच की या सेन्सरची दृष्टी पिकाबरोबर आखूड होत जाते. जुलैत नीट चालले म्हणून सप्टेंबरात तेवढाच वेग ठेवणे म्हणजे डोळे मिटत जात असताना धावणे आहे.

तिसरी गोष्ट समोरच्या वस्तूची. माझ्या म्हणण्याचा गाभा इथेच आहे. हवा आणि घन किंवा द्रव पदार्थ यांच्या सीमेवर आवाज जवळजवळ पूर्ण परततो. हवेचा ध्वनिरोध पाण्याच्या तुलनेत साडेतीन हजारांहून अधिक पटींनी कमी आहे, म्हणून पाण्यावर सरळ आदळलेल्या आवाजाच्या ऊर्जेचा जेमतेम हजारावा भाग आत शिरतो आणि बाकीचा मागे फिरतो. दगड, खोड, लोखंडी खांब, काच, पाणी साचलेला खड्डा, आच्छादनाची पातळ प्लास्टिकची पन्नी, सगळे आवाजाला सारखेच टणक. पारदर्शक वस्तूने कॅमेरा फसतो. ध्वनी फसत नाही. पण दोन गोष्टी त्याला चकवतात. एक, तिरका गुळगुळीत पृष्ठभाग. ४० किलोहर्ट्झला तरंगलांबी साडेआठ मिलिमीटरच्या आसपास असते, आणि त्याहून लहान खडबडीतपणा असलेली भिंत आवाजासाठी आरसा ठरते. तिरक्या आरशावरून आवाज भलतीकडे निघून जातो आणि सेन्सरकडे काहीच येत नाही. दुसरी गोष्ट सच्छिद्र, तंतुमय पदार्थ. त्याच्या फटींत हवा शिरते, तंतूंवर घासते, आणि ध्वनीची ऊर्जा उष्णता होऊन विरते. रजईत तोंड खुपसून बोलले की आवाज बाहेर दबका येतो, तसेच. फरक एवढाच की रजई जाड लागते आणि इथे जाडीची गरजच पडत नाही. असा थर तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाइतका जाड झाला की तो चांगला शोषक बनतो. माणसाच्या बोलण्यातल्या ५०० हर्ट्झच्या आवाजासाठी हा चौथा हिस्सा १७ सेंटिमीटरचा होतो, तर ४० किलोहर्ट्झसाठी फक्त दोन मिलिमीटरचा. सुती लुगड्याच्या दोन-चार चुण्या एकावर एक आल्या की तेवढी जाडी भरते.

आता वेचणीच्या दिवसांत तासात काय असते ते डोळ्यांपुढे आणावे. वाकलेली बाई, तिचे सुती लुगडे, त्यावर उन्हापासून आणि बोंडाच्या टोकांपासून अंग वाचवायला चढवलेला जुना सदरा, डोक्याला गुंडाळलेला कपडा, आणि कमरेला बांधलेल्या झोळीत वेचलेला कापूस. यंत्राला ज्या अडथळ्यावर कोणत्याही परिस्थितीत आदळायचे नाही, तो अडथळा पाठीचा गोल आकार, सैल कापड आणि खुद्द कापूस अशा तिन्ही बाजूंनी आवाज चुकवणारा आहे. एचसी-एसआर०४ च्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते की समोरची वस्तू किमान अर्ध्या चौरस मीटरची आणि शक्य तितकी सपाट असावी, नाहीतर मोजणीवर परिणाम होईल. वाकलेल्या बाईची पाठ यातली एकही अट पुरी करत नाही. प्रयोगशाळेत पुठ्ठ्याचे खोके पुढे ठेवून यंत्र थांबते, टाळ्या वाजतात. पुठ्ठा सपाट, टणक आणि मोठा असतो, म्हणजे वावरात जे मिळणार नाही नेमके ते सगळे त्याच्यात असते. त्या प्रात्यक्षिकावरून माणसाच्या सुरक्षिततेबद्दल काही सिद्ध होत नाही.

याहून मोठा घोटाळा प्रोग्रॅमच्या एका ओळीत असतो. अंतर तीस सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर थांब, नाहीतर चाल. या वाक्यात जगाच्या दोनच अवस्था आहेत, आणि प्रतिध्वनी आलाच नाही तर काय, याला जागा नाही. आर्डुइनो नियंत्रकाच्या नेहमीच्या आज्ञेने काळ मोजला आणि ठरल्या मुदतीत काही आले नाही, तर ती शून्य परत देते. शून्य म्हणजे अंतर शून्य समजून यंत्र विनाकारण थबकते. मग कंटाळलेला विद्यार्थी शून्य आले तर सोडून दे अशी ओळ घालतो आणि यंत्र सुरळीत चालू लागते. त्या क्षणी ‘मला काही कळले नाही’ या उत्तराचे ‘समोर काही नाही’ असे भाषांतर झालेले असते. ही चूक नवशिक्यांपुरती नाही, पण तिचे उत्तर मात्र जुने आहे. पोलरॉइड कंपनीने १९७८ मध्ये ध्वनीने अंतर मोजून भिंग जुळवणारा कॅमेरा बाजारात आणला, आणि त्यातला सेन्सर स्वस्तात मिळू लागल्यावर अमेरिकेतल्या यंत्रमानव प्रयोगशाळांनी तो उचलला. कार्नेगी मेलन विद्यापीठात हान्स मोराव्हेक आणि अल्बर्टो एल्फेस यांनी १९८५ मध्ये या सेन्सरच्या रुंद, अस्पष्ट वाचनांतून नकाशा काढायची पद्धत मांडली. जमिनीचे लहान चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनासाठी तो भरलेला असण्याची शक्यता ठेवायची. सुरुवातीला प्रत्येक चौकोन अज्ञात. शंकूच्या टोकाच्या कमानीवर प्रतिध्वनी मिळाला तर तिथली शक्यता थोडी वाढवायची, शंकूच्या आतली थोडी कमी करायची, आणि जिथून काही कळले नाही तिथे अज्ञात तसेच राहू द्यायचे. मोकळे आणि भरलेले यांच्यामध्ये ‘ठाऊक नाही’ ही तिसरी अवस्था सन्मानाने बसवणे, हे त्या कामाचे सार. आज ती पद्धत पाचशे रुपयांच्या नियंत्रकावर चालते. वऱ्हाडात चालणाऱ्या प्रत्येक यंत्रात ती असावी. मोकळे असेल तर चाल, भरलेले असेल तर थांब, ठाऊक नसेल तर वेग उतरव आणि दुसऱ्या इंद्रियाला विचार.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की ध्वनीचे हे जुने खेळणे धरून बसायचेच कशाला, कॅमेरा लावा. टेस्ला कंपनीने ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या मॉडेल ३ आणि मॉडेल वाय गाड्यांतून श्राव्यातीत सेन्सर काढून फक्त कॅमेऱ्यांवर भर द्यायचे जाहीर केले. मग आपण मागे का जायचे? आक्षेप वजनदार आहे, आणि कॅमेरा नको असे मी म्हणतही नाही. दूरचा माणूस ओळखायला कॅमेराच लागेल. पण त्या गाडीची भिंगे डांबरी रस्त्यावर, पिकाच्या वर असतात, आणि तिच्यात प्रचंड गणनशक्ती असते. आपल्या यंत्राचे भिंग जमिनीपासून हातभर उंचीवर, पानांच्या गर्दीत, काळ्या मातीच्या धुळीत आणि फवाऱ्याच्या तुषारांत काम करणार. भिंगावर एक पान चिकटले की कॅमेरा आंधळा होतो, आणि दुपारी सूर्य समोर आला तरी तेच. ध्वनीला अंधार, ऊन, चकाकी यांचे काही वाटत नाही आणि विरळ धूळ त्याच्या वाटेत येत नाही. दोन इंद्रिये वेगवेगळ्या कारणांनी चुकत असतील तरच त्यांची जोडी कामाची. कॅमेरा आणि ध्वनी ही तशी जोडी आहे.

दुसरा आक्षेप लेसरचा. प्रकाशाने अंतर मोजणारे सेन्सर दिवसेंदिवस स्वस्त होत आहेत हे खरे. मात्र त्यांतले स्वस्त अवरक्त सेन्सर खोलीत जेवढे पाहतात त्याचा थोडा अंशच उघड्या उन्हात पाहू शकतात. सूर्यप्रकाशातच एवढे अवरक्त किरण असतात की परत आलेला क्षीण संकेत त्यात बुडतो. उन्हासाठी बनवलेले चांगले लेसर-मापक महाग आहेत, आणि धूळ उडाली की धुळीचे कणच त्यांना अडथळे वाटू लागतात. शरीराची उष्णता टिपून माणूस ओळखायचा मार्गही सुचवला जातो. थंड प्रदेशात तो उत्तम आहे. पण शरीर आणि सभोवताल यांच्या तापमानात फरक असेल तरच हा सेन्सर चालतो, आणि हवा ३७ च्या आसपास, जमीन त्याहून तापलेली असेल तेव्हा माणूस पार्श्वभूमीत मिसळून जातो. दुसऱ्या हवामानात सिद्ध झालेला उपाय जसाच्या तसा उचलता येत नाही, तो असा.

सर्वांत कठीण आक्षेप मात्र माझ्याच युक्तिवादातून निघतो. कापड आणि कापूस यांच्यापुढे ध्वनी दुबळा पडतो, आणि तासातले सर्वांत मोलाचे माणूस कापडात आणि कापसात असते. मग नेमक्या गरजेच्या वेळी मुका होणारा सेन्सर ठेवायचाच कशाला? उत्तर दोन भागांत आहे. एक तर दुबळा म्हणजे शून्य नव्हे. घट्ट बसलेले पातळ कापड आवाजाचा काही भाग आत जाऊ देते आणि आतले शरीर तो परत फेकते. हात, पावले, चेहरा उघडे असतात. जवळ येईल तसा प्रतिध्वनी झपाट्याने बळावतो, कारण हवेत पसरून आणि शोषून जाणारा आवाज कमी होतो. ४० किलोहर्ट्झचा आवाज हवाच मीटरमागे डेसिबलहून थोडा अधिक शोषते. चार मीटरवरच्या वस्तूसाठी जाऊन-येऊन आठ मीटर भरावे लागतात, तर पाऊण मीटरवरच्या वस्तूसाठी फक्त दीड. म्हणून या सेन्सरकडून लांबचे पाहण्याची अपेक्षा सोडावी आणि त्याला शेवटच्या मीटरचा राखणदार नेमावे. दुसरा भाग वेगाचा. सेन्सरला दोन ठोक्यांमध्ये ६० मिलिसेकंद तरी थांबावे लागते, आणि एका वाचनावर भरवसा न ठेवता तीन वाचने घेतली तर १८० मिलिसेकंद जातात. यंत्र सेकंदाला अर्धा मीटर चालत असेल तर तेवढ्यात ते ९ सेंटिमीटर सरकेल, आणि सौम्य ब्रेकने आणखी साडेबारा सेंटिमीटरांत थांबेल. पाऊण मीटरच्या दृष्टीत हे आरामात बसते. वेग दुप्पट केला की ब्रेकचे अंतर चौपट होते, ओल्या काळ्या मातीवर चाक घसरले तर त्याहूनही वाढते, आणि शिल्लक उरत नाही. सेन्सर सुधारण्यापेक्षा वेग मर्यादित ठेवणे हा सुरक्षिततेचा अधिक भरवशाचा मार्ग आहे. त्याच्याही पुढे, सगळे चुकलेच तर स्पर्श होताच वीज तोडणारी पट्टी यंत्राच्या नाकावर असावी.

एवढ्या मंद यंत्राचे शेतकऱ्याने करायचे काय, असे कोणी म्हणेल. सेकंदाला अर्धा मीटर म्हणजे ताशी १.८ किलोमीटर, बैलजोडीच्या चालीहून किंचित कमी. एका एकरात ९० सेंटिमीटरवर ओळी असतील तर ओळींमधली एकूण वाट भरते सुमारे साडेचार किलोमीटर, म्हणजे वळणे सोडून अडीच तास. पाठीवरचा पंप घेऊन, विषाचे तुषार अंगावर घेत माणसाने एकर फवारायचे की यंत्राने अडीच तास एकट्याने फिरायचे, यातले काय परवडते हे २०१७ ने सांगून ठेवले आहे. घाई माणसाला होती, कारण विष त्याच्या अंगावर पडत होते. यंत्राला ती घाई नाही.

फवारणी यंत्रात एक अडचण अशी येते, जिचा विचार टेबलावर कधीच होत नाही. दाबाखाली नोझलमधून सुटणारा फवारा आणि हवेचा झोत यांच्या सुस्काऱ्यात श्राव्यातीत कंपने भरपूर असतात. कारखान्यांत हवेच्या नळ्यांची गळती शोधायला याच कंपनांचा माग काढतात. म्हणजे यंत्र स्वतःच्याच नोझलचा आवाज ऐकून अडथळा आला असे समजू शकते. चूक सुरक्षित दिशेची असली तरी सारखे थबकणारे यंत्र मालक दोन दिवसांत कोपऱ्यात टाकील, किंवा त्याहून वाईट, त्याचा सेन्सर काढून टाकील. म्हणून नोझल आणि डबी यांच्यात आडोसा हवा आणि ठोका ऐकण्याच्या क्षणी फवारा क्षणभर रोखता आला तर उत्तम. डबीच्या जाळीवर धूळ आणि थेंब बसतात, त्यासाठी जलरोधक सेन्सर मिळतात. पण त्यांत बोलणारी आणि ऐकणारी डबी एकच असल्याने आपल्याच ठोक्याची थरथर थांबेपर्यंत तिला काही ऐकू येत नाही, आणि पहिले २० ते २५ सेंटिमीटर आंधळे राहतात. स्पर्शपट्टी हवी ती यासाठीही.

हाच सेन्सर वरूड-मोर्शीच्या संत्राबागेत नेला की चित्र पालटते, आणि ते पालटणे फार बोलके आहे. तिथे झाडे एकमेकांपासून सहा-सहा मीटरवर. ट्रॅक्टरमागचा फवारा ओळीभर सलग चालू राहिला तर झाडांमधल्या मोकळ्या जागेतही औषध उडते. बाजूला तोंड केलेले ध्वनी-सेन्सर लावले, समोर झाड असेल तेव्हाच नोझल उघडली, तर ते औषध वाचते. कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडाच्या फळबागांत अशा फवारणी यंत्रांवर १९८० च्या दशकापासून काम झाले आहे. संत्र्याची पालवी दाट आणि पाने चामड्यासारखी. हजारो पानांतली काही तरी नेहमी सेन्सरकडे तोंड करून असतात, त्यामुळे प्रतिध्वनी चांगला मिळतो. आणि इथे आवाज परतला नाही म्हणून नोझल बंद राहिली, तर फार तर एखादी फांदी कोरडी राहील. सेन्सर तोच, मौनही तेच, पण त्या मौनाची किंमत वेगळी. कपाशीच्या तासात ‘ठाऊक नाही’ला ‘थांब’ समजावे लागते. बागेत त्याला ‘नाही’ समजून पुढे जाता येते. वऱ्हाडात या तंत्राची सुरुवात कपाशीऐवजी संत्र्यापासून करावी असे मला म्हणूनच वाटते. तिथे चालक ट्रॅक्टरवर बसलेलाच असतो, चूक स्वस्त असते आणि सेन्सरच्या सवयी शिकायला एक पूर्ण हंगाम मिळतो.

शिकण्याची साधने इथेच आहेत. अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, त्याच्याकडे कपाशीचे प्लॉट आहेत आणि कृषी अभियांत्रिकीचे शिक्षणही. अमरावतीत १९६४ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, बडनेऱ्याला आणि शेगावला १९८३ पासूनची महाविद्यालये आहेत. ही सगळी शहरे एकाच रेल्वेमार्गाच्या पट्ट्यात, काही तासांच्या आत. इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी आणि कृषी अभियांत्रिकीचा विद्यार्थी यांनी मिळून करावा असा एक प्रकल्प मला फार मोलाचा वाटतो, आणि त्याला शे-दोनशे रुपयांचा सेन्सर, तापमापक आणि धीर यांपलीकडे काही लागत नाही. वावरातल्या अडथळ्यांचा एक प्रमाणित संच करावा: काळ्या दगडाचा, बाभळीच्या खोडाचा, आच्छादनाच्या पन्नीचा, पऱ्हाटीच्या झाडाचा, आणि सुती लुगडे नेसवून, झोळीत कापूस भरून वाकवलेल्या बाहुल्याचा. प्रत्येकापुढे अर्धा, पाऊण, एक आणि दीड मीटरवरून हजार-हजार ठोके सोडावेत. ऑगस्टच्या दमट दुपारी, ऑक्टोबरच्या उन्हात, डिसेंबरच्या सकाळी. सरासरी अंतर किती आले हे दुय्यम आहे. हजारांतले किती ठोके परत आलेच नाहीत, हा आकडा लिहून ठेवावा. बाहुल्यापुढे तो आकडा ज्या अंतरापासून वाढू लागेल, ते त्या सेन्सरचे खरे दृष्टीचे अंतर धरावे, आणि यंत्राचा वेग त्या अंतरात थांबता येईल एवढाच ठेवावा, मग माहितीपत्रकात चार मीटर लिहिलेले असोत की चाळीस.